जिप्सी, बलेनोचं टर्बो इंजिन आणि इथेनॉल: वर्धा जिल्ह्यातल्या एका गाडीची फ्युएल सिस्टीम बदलताना काय घडलं

पार्श्वभूमी

गाडी मारुती जिप्सी. मालक आर्वीकडचा कास्तकार, वय तिशीच्या आसपास, घरी कापूस-तूर आणि थोडा संत्र्याचा बगीचा. नाव-गाव देत नाही आणि ओळख पटेल अशा एक-दोन बारीक गोष्टी बदलल्या आहेत. जिप्सीचं मूळ १३०० सीसीचं इंजिन काढून त्यात जुन्या बलेनोचं १६०० सीसीचं जी१६बी इंजिन बसवलेलं, त्यावर सेकंडहँड टीडी०४ टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि वेगळा प्रोग्रॅमेबल ईसीयू, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारा कॉम्प्युटर. गाडी रोडवर चालत नाही, ट्रेलरवर चढवून डर्ट ट्रॅकवर नेतात. हे आधीच सांगतो कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल करून ती रोडवर फिरवता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. तेव्हा हे वाचून कोणी रोडवरच्या गाडीत हे करायला जाऊ नका.

इंजिनचं काम हायवेवरच्या एका जुन्या मिस्त्रींनी केलं, त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. मी ट्यूनिंग आणि लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) बघायला होतो.

अडचण

०.६ बार बूस्टवर (टर्बोने दिलेला हवेचा दाब) गाडी खालून मस्त उचलायची पण ४,२०० आरपीएमच्या पुढे दम तोडायची, आणि उन्हाळ्यात तर नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडल्याचा, आवाज बोनेटच्या बाहेर ऐकू यायचा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री म्हणजे नेहमीचंच, त्यात हवा थंड करणारा इंटरकूलर छोटा, टर्बोतून निघालेली हवा आधीच तापलेली. मालकाने कुठेतरी ऐकलं होतं की इथेनॉल टाकलं की नॉकिंग जातं आणि बूस्ट वाढवता येतो. ऐकलं ते खोटं नव्हतं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आणि ते वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचतं, त्यामुळे सिलेंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड होतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ पट, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन कितीतरी जास्त ओतावं लागतं. ई८५ (८५ टक्के इथेनॉल) साठी हा आकडा साधारण ९.८ येतो.

मालकाने यातली पहिली बाजू धरली आणि मोठा फ्युएल पंप व मोठे इंजेक्टर (इंधनाचा फवारा मारणारे) ऑनलाइन मागवून टाकले. सामान दुकानात आलं आणि मग मला फोन आला.

तपासणीत काय दिसलं

नवं सामान खोलायच्या आधी जुन्याचं मोजमाप करू असं ठरवलं, आणि इथेच पूर्ण प्रकरणाची दिशा बदलली.

पहिलं म्हणजे लॉग. ४,२०० च्या पुढे लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याखाली इंधन जास्त) ०.८२ वरून सरकत ०.९४ पर्यंत जात होता. बूस्टखाली एवढं लीन (इंधन कमी) म्हणजे पिस्टन वितळायची तयारीच. फ्युएल प्रेशर ३ बार बेस अधिक ०.६ बूस्ट म्हणजे ३.६ दिसायला पाहिजे होतं, गेजवर २.८ दिसत होतं. म्हणजे इंजेक्टर छोटे आहेत हे खरं, पण त्याच्याआधी पंपच मागे पडत होता.

मग पंप का मागे पडतो? उस्तादांच्या हाताखालचा वायरिंगवाला पोट्टा मल्टीमीटर घेऊन गाडीखाली शिरला आणि पंपाच्या कनेक्टरवर चालू इंजिनात व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १३.९, पंपावर १०.७. तीन व्होल्ट रस्त्यातच गायब. जुनी बारीक वायर इग्निशन स्विचमधून फिरून येत होती आणि अर्थिंग चेसिसच्या एका गंजलेल्या बोल्टवर होतं. बोल्ट खोलला तर वॉशरखाली लाल भुकटी. बहुतेक पंपांचे लीटर हे १३.५ व्होल्टच्या आसपास सांगितलेले असतात, १०.७ वर तोच पंप फार कमी देतो, आणि प्रेशर जितकं वाढेल तितकं हे अंतर वाढत जातं.

"काऊन जी, मी तं उगाच पंप मागवला का?" मालकाने विचारलं. उगाच नव्हता, पण नवा मोठा पंप त्याच वायरवर लावला असता तर तो करंट आणखी ओढणार, व्होल्टेज आणखी पडणार, आणि सगळ्यांनी पंपालाच शिव्या दिल्या असत्या.

दुसरं म्हणजे फिल्टर. तो काढून पूर्ण रिकामा केला, उघड्यावर चांगला वाळवला आणि मग पाईप कटरने कापला, कारण ग्राइंडरची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ घालायची नसते. आतला कागद गडद चॉकलेटी झालेला, आणि प्रत्येक घडीत काळा चुरा साचलेला. चिमटीत घेऊन चोळला तर चुरा तुटायच्या आधी किंचित ताणायचा. रबर होतं ते. जुन्या फ्युएल पाईपचा तुकडा कापून वाकवला तर आतल्या बाजूने बारीक भेगाच भेगा. गाडी जुनी, पाईप त्याच काळातले, आणि आपल्या पेट्रोलपंपांवर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, ज्याची सुरुवात सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये केली. त्या जुन्या रबरासाठी हे इंधन नवीनच. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर इथेनॉल सोडवतं आणि तोही फिल्टरमध्येच येऊन बसतो.

तिसरं, पेट्रोलची पाण्याची टेस्ट. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर १० वरून २८ च्या जवळ गेला, म्हणजे १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. याचा अर्थ गाडी आधीपासूनच इथेनॉलवर चालत होती आणि ईसीयूतला नकाशा (कधी किती इंधन द्यायचं याचा तक्ता) मात्र शुद्ध पेट्रोल गृहीत धरून बनवलेला होता. ई२० ला इंधन वजनाने आठ-नऊ टक्के जास्त लागतं. लीन होण्यात तेवढा वाटा याचाही होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त होता. वायरिंग, पाईप, फिल्टर नीट करायचे, ई२० चा नकाशा बनवायचा आणि बूस्ट ०.५ वर ठेवून मोकळं व्हायचं. उस्तादांचं मत याच बाजूने होतं आणि मला आजही वाटतं की दहापैकी आठ गाड्यांना एवढंच पुरतं.

दुसरा पर्याय, पूर्ण ई८५ किंवा त्याच्याही वर. मालकाचा जीव यात अडकलेला.

तिसरा म्हणजे पाण्याचा किंवा पाणी-मिथेनॉलचा फवारा इनटेकमध्ये मारणं. मिथेनॉल विषारी, शेतातल्या घरात लेकरं फिरतात, मालकाने स्वतःच नाही म्हटलं. नुसत्या पाण्याचा विचार झाला पण नोझल चोक झाली तर इंजिनला कळायच्या आत नॉकिंग सुरू होणार, म्हणून तेही सोडलं.

चौथा पर्याय चर्चेतून निघाला. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं सामान ई८५ झेपेल असं बसवायचं, पण इंधन जे मिळेल ते चालेल असा, इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर लावायचा आणि गरजेपुरतंच मिश्रण करायचं.

दुसरा की चौथा, हे इंजिनवरून ठरणारच नव्हतं. ते ठरलं इंधन कुठून येणार यावरून.

इथेनॉल आणायचं कुठून

मालकाच्या ओळखीत कोणीतरी डिस्टिलरीकडे माल पोचवणारा होता. "एक ड्रम काढून देतो म्हणे, रेट बी कमी हाये." यावर मी आणि उस्ताद दोघांनीही हात वर केले. डिस्टिलरीतलं इथेनॉल असं कोणालाही ड्रममध्ये भरून विकता येत नाही, त्याची वाहतूक आणि साठवण राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखाली चालते, आणि मागे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा उभा आहे. त्यात आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. उस्ताद सरळ म्हणाले, "भाऊ, ड्रम आणताना पोलिसायनं धरलं तं गाडी राहू दे, तुले सोडवाले कोन येईन?" दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, त्या ड्रममध्ये पाणी किती आणि मिसळलेलं काय हे कोण सांगणार?

कायदेशीर वाट एकच होती. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' विकायला सुरुवात केली. नाव १०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३-९३.५ टक्के असतं, ५ टक्के पेट्रोल आणि दीड टक्का को-सॉल्व्हेंट. मालकाने फोन करून करून असा एक पंप शोधला, पण जाऊन-येऊन अख्खा दिवस जाणार. आणि अ वर्गाचं (पेट्रोलसारखं चटकन पेटणारं) पेट्रोलियम परवान्याशिवाय ३० लीटरपर्यंतच ठेवता-नेता येतं, तेव्हा एका फेरीत फार आणताही येत नाही.

आता गणित बघा. ई८५ वर चालवायचं तर प्रत्येक इव्हेंटला मोठा साठा लागणार, कारण ई२० पेक्षा इंधनही ३५ टक्क्यांच्या वर जास्त जळणार. पण १० लीटर इथेनॉल १०० आणि २० लीटर ई२० मिसळलं तर ३० लीटरमध्ये १३.३ लीटर इथेनॉल येतं, म्हणजे ई४४. इंधनाची गरज ई२० पेक्षा दहा-अकरा टक्केच वाढते आणि नॉकिंगवरचा बराचसा फायदा तिथेच मिळून जातो. याच आकड्यांवर मालक दुसरा पर्याय सोडून चौथ्यावर आला. त्याला जबरदस्ती कोणी केली नाही, त्याने स्वतः वहीत मांडून पाहिलं.

साठवणीचा मुद्दा मात्र त्याच्या आईने काढला. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवलेला, एका खोलीत छतापर्यंत. "घरात कापूस भरला हाये, हे डबे इथं नोको आणू." शंभर टक्के बरोबर. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात डोळ्याला दिसतही नाही, आणि कापसाशेजारी ते म्हणजे विषयच संपला. डबे घरी येणारच नाहीत, पंपावरून थेट इव्हेंटला जातील, मिश्रण तिथेच मोकळ्यावर होईल आणि पंपाचं बिल डब्यासोबत राहील, असं ठरलं. सोबत एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर.

काय केलं

ठरवलेलं लक्ष्य १६० हॉर्सपॉवर, त्याच्यावर नाही, कारण जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस त्याच्यापुढे टिकवणं हे वेगळंच प्रकरण आहे. ई८५ वर टर्बो इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ३८० ग्रॅम इंधन खातं असं धरलं तर १६० ला ६१ किलो, म्हणजे तासाला ७८ लीटर. चार इंजेक्टरमध्ये वाटून प्रत्येकी ३२५ सीसी मिनिटाला, आणि ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेचं प्रमाण) ८० टक्क्यांच्या वर न्यायची नाही म्हणून ४०५ सीसी. मालकाने मागवलेले ५५० सीसीचे होते, ते चालून गेले, पण त्यांच्यासोबत डेड टाइमचा (इंजेक्टर उघडायला होणाऱ्या उशिराचा) तक्ता आला होता म्हणूनच ठेवले. तक्ता नसलेले स्वस्त इंजेक्टर असते तर परत पाठवले असते, कारण मोठ्या इंजेक्टरवर आयडल नीट लागत नाही त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

मागवलेला पंप इथेनॉलसाठी नव्हता, तो बदलून घेतला. इथेनॉल पेट्रोलसारखं नाही, त्यातून थोडा करंट वाहतो, त्यामुळे टाकीच्या आतले उघडे तांब्याचे टर्मिनल खाल्ले जातात. आतल्या वायरी टेफ्लॉन इन्सुलेशनच्या आणि टाकीच्या झाकणावर सीलबंद कनेक्टर घेतला. बाहेर बॅटरीपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची वायर, फ्यूज, रिले, आणि अर्थिंग चेसिस घासून वेगळ्या बोल्टवर. पंपावर आता १३.४ व्होल्ट मिळायला लागले.

जुनी पत्र्याची टाकी आतून कोटिंग करून वापरायची की नवी करायची, यावर बराच खल झाला. कोटिंग सुटलं तर तेच फिल्टरमध्ये येणार, म्हणून डेअरीची भांडी आणि टाक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ३०४ स्टेनलेसची ३५ लीटरची टाकी टिग वेल्डिंगने करून घेतली, आत आडव्या पट्ट्या, म्हणजे वळणावर इंधन एका बाजूला पळून पंप कोरडा पडत नाही. पाईप सगळे टेफ्लॉन लाइनिंगचे, वरून स्टीलची जाळी. पंपाआधी १०० मायक्रॉनचा आणि नंतर १० मायक्रॉनचा स्टेनलेस जाळीचा फिल्टर, कागदाचा नाही. रेग्युलेटर बूस्टशी जोडलेला, म्हणजे बूस्ट जितका चढेल तितकंच प्रेशर चढेल.

फ्लेक्स सेन्सर रिटर्न लाइनवर बसवला. तो फ्रिक्वेन्सी देतो, ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के आणि १५० म्हणजे शंभर, तेव्हा ई२० ला ७० आणि आपल्या मिश्रणाला ९४ दिसायला पाहिजे.

इथे एक निर्णय असा होता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सेन्सरची वायर तुटली तर ईसीयूने काय समजायचं? ई२० समज म्हणावं तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सुरक्षित होतं पण टाकीत ई४४ असताना इंधन दहा टक्के कमी जाईल, म्हणजे बूस्टखाली लीन. ई८५ समज म्हणावं तर इंधन भरपूर पण टायमिंग पुढे गेलेलं, आणि टाकीत ई२० असेल तर नॉकिंग. म्हणून तिन्ही वेगळे केले. इंधनासाठी शेवटचं वाचलेलं रीडिंग धरायचं, टायमिंग ई२० चं घ्यायचं आणि बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगवर सोडून द्यायचा. वायर हाताने काढून प्रत्यक्ष चालत्या गाडीत हे तपासलं, नुसतं लॅपटॉपवर बघून सोडलं नाही.

निकाल

ई२० वर ०.६ बारला लॅम्डा आता रेडलाइनपर्यंत ०.८१-०.८२ वर बसतो, प्रेशर ३.६ चं ३.६. नॉकिंग बंद. हे फक्त दुरुस्ती आणि नीट नकाशाने झालं, इथेनॉलचा अजून एक थेंबही वाढवला नव्हता. मालकालाही ते पाहून आश्चर्य वाटलं.

ई४४ वर बूस्ट ०.८ वर नेला, टायमिंग चार डिग्री पुढे. डायनो (ताकद मोजायचं यंत्र) जवळपास नाही म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० ते ५,५०० आरपीएमला लागणारा वेळ लॉगमधून मोजला, ट्रॅकच्या एकाच सरळ पट्ट्यावर, दोन्ही दिशांनी. आधी ५.८ सेकंद लागायचे, आता ४.७. इंजेक्टर ड्यूटी ६० टक्क्यांच्या खाली, म्हणजे हाताशी जागा आहे.

त्रास झाला तो डिसेंबरात. पहाटे पारा दहाच्या खाली आणि मिश्रण टाकीत तसंच राहिलेलं, गाडी सुरू व्हायला तयार नाही. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ डिग्रीच्या आसपास, थंडीत त्याची वाफच नीट होत नाही. क्रँकिंगचं इंधन तापमानानुसार वाढवलं तेव्हा उठायला लागली. पण तेच जास्तीचं इंधन सिलेंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला वास यायला लागला, म्हणून ऑइल लवकर बदलायचं ठरलं.

पावसाळ्यात गाडी उभीच असते, इथेनॉल हवेतलं पाणी खेचतं, त्यामुळे इव्हेंट झाला की टाकी रिकामी करून थोडं ई२० घालायचं, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं आणि लाइनमध्ये मिश्रण ठेवायचं नाही, अशी पद्धत पडली आहे. मालक हे न सांगता करतो.

पुन्हा करायचं झालं तर

सामानाची ऑर्डर शेवटी. आधी इंधनाचं सॅम्पल हातात घेऊन पाण्याची टेस्ट, मग चालू इंजिनात पंपावरचं व्होल्टेज, मग प्रेशर गेज लावून लोडखाली लॉग. या तीन गोष्टींना एक दुपार लागते आणि मल्टीमीटर तर गावोगावी वायरिंगवाल्याकडे असतोच. पंप परत पाठवून बदलून घेण्यात गेलेले दिवस वाचले असते.

आधी ई२० वर पूर्ण एक सीझन चालवून मग पुढचं ठरवायला पाहिजे होतं असं उस्ताद अजूनही म्हणतात. मला ते अर्धं पटतं. टाकी आणि पाईप तर ई२० साठीही बदलावेच लागले असते, दोनदा टाकी उतरवण्यापेक्षा एकदाच केलं ते बरं. पण फ्लेक्स सेन्सर आणि मोठे इंजेक्टर थांबले असते तरी चाललं असतं.

फिल्टरबद्दल मात्र दुमत नाही. नवी टाकी, नवे पाईप असूनही पहिल्या काही टाक्यांनंतर १० मायक्रॉनची जाळी खोलली तर रेलमधून (इंजेक्टरना इंधन वाटणारी नळी) सुटलेला जुना चिकट थर त्यात नाही, तो थेट इंजेक्टरच्या बारीक जाळीवर बसला होता, कारण रेल फिल्टरच्या पुढे येते आणि ती आम्ही बाहेरून पुसून तशीच बसवली होती. इंजेक्टर काढून साफ करून आणले. कोणी जुनी रेल वापरणार असेल तर ती आधी थिनरने आतून धुवा, हवेने झटकून पांढऱ्या कपड्यावर काय पडतं ते बघा, आणि कपडा स्वच्छ निघेपर्यंत गाडीवर चढवू नका.